रॉकेलची परीक्षा

एका बाटलीत रॉकेल आहे. दुसऱ्या बाटलीत पेट्रोल आहे. दोन्ही पातळ. दोन्हींना उग्र वास. दोन्ही जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलापासूनच होतात. तरी एकाने आपण घरात दिवा लावतो, आणि दुसऱ्याचा डबा चुलीच्या आसपास दिसला की जाणता माणूस ओरडतो. असे का बरे?

हे कळायला एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. ऐकून नवल वाटेल, पण तेल स्वतः जळत नाही. जळते ती तेलाची वाफ. पाणी उन्हात ठेवले की हळूहळू आटते, म्हणजे त्याची वाफ होऊन हवेत जाते. तसेच तेलाचेही होते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेत पुरेशी मिसळली आणि जवळ ठिणगी आली, की भडका उडतो. आपल्या कंदिलात तरी दुसरे काय होते? वात तेल वर ओढते. ज्योतीच्या आचेने त्याची वाफ होते. ती वाफ जळत राहते.

पेट्रोलची वाफ फार लवकर होते. बर्फापेक्षा कितीतरी गार असले तरी ते पेटण्याजोगी वाफ सोडते. रॉकेलचे तसे नाही. ते जरा तापावे लागते. किती अंश तापले म्हणजे त्याच्या वाफेचा भडका उडेल, हे मोजता येते. इंग्रजीत त्याला ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात. आपण त्याला ‘भडक्याचा अंश’ म्हणू. हा अंश जितका खाली, तितके तेल धोक्याचे.

हे मोजायची गरज का पडली, तेही सांगितले पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत आणि अमेरिकेत घरोघरी रॉकेलचे दिवे आले होते. मोटारी तेव्हा नव्हत्या, म्हणून पेट्रोलसारख्या हलक्या तेलाला गिऱ्हाईक नव्हते. मग काही व्यापारी ते हलके तेल रॉकेलातच राहू देत, नाहीतर वरून मिसळीत. तेवढीच चार पैशांची कमाई! दिवे फुटत, घरे पेटत, माणसे भाजून मरत. इंग्लंडात १८६२ साली याविषयी कायदा झाला. पण तेल तपासण्याची रीत कच्ची होती. उघड्या वाटीत तेल तापवीत आणि वर ज्योत धरीत. वाऱ्याची झुळूक आली की वाफ उडून जाई. त्यामुळे एकच तेल एकाच्या हाती चांगले ठरे, तर दुसऱ्याच्या हाती वाईट.

फ्रेडरिक एबल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ही अडचण दूर केली. त्याने वाटीला झाकण बसवले. त्याची रीत १८७९ साली इंग्लंडच्या कायद्यात आली. त्याच्या नावाचे उपकरण आपल्या देशातल्या प्रयोगशाळांत आजही वापरतात.

हे उपकरण दिसायला साधे आहे. एक लहानशी पितळी वाटी. तिच्यात आतून खूण केलेली असते. त्या खुणेपर्यंतच तेल ओतायचे, थेंबभरही जास्त नाही. वाटीभोवती हवेची पोकळी, आणि तिच्या बाहेर गरम पाणी. त्यामुळे तेलाला आच थेट लागत नाही. ते अगदी सावकाश तापते. झाकणातून एक थर्मामीटर आत सोडलेला असतो. झाकणाला सरकती खिडकी असते, आणि वर मण्याएवढी इवलीशी ज्योत. खिडकी सरकवली की ज्योत आत वाकते. खिडकी मिटली की वर येते.

तपासणारा थर्मामीटरवर डोळा ठेवून बसतो. दर अर्ध्या अंशाला खिडकी उघडतो आणि मिटतो. काही होत नाही. पुन्हा अर्धा अंश. पुन्हा काही नाही. आणि एका वेळी वाटीत निळसर झाक चमकून जाते. तोच भडक्याचा अंश. तो लगेच लिहून ठेवायचा. हवेचा दाबही मोजून लिहायचा, कारण उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असतो आणि तेथे तेल जरा लवकर भडकते. हे काम घाईच्या माणसाचे नव्हे. पाणी भराभर तापवले तर उत्तर चुकते.

आपल्याकडे १९३४ सालचा पेट्रोलियम कायदा आहे. तो या अंशावरून तेलांचे वर्ग पाडतो. २३ अंशांच्या खाली भडकणारे ते पहिल्या वर्गात. पेट्रोल त्यात येते. २३ पासून ६५ अंशांपर्यंतचे दुसऱ्या वर्गात. रॉकेल आणि डिझेल यात येतात. रॉकेलचा अंश ३५ पेक्षा कमी असता कामा नये, असे भारतीय मानक सांगते.

आता ३५ अंश म्हणजे किती? विलायतेच्या थंडीत ते फार वाटतात. पण आपल्या नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी हवाच ४५ अंशांपर्यंत तापते. म्हणजे त्या दिवसांत उन्हात ठेवलेल्या रॉकेलच्या डब्यात पेटण्याजोगी वाफ असू शकते. डबा सावलीत, घट्ट झाकून का ठेवायचा, ते यावरून कळेल. पेटलेल्या स्टोव्हची टाकीही अशीच तापते. तापलेल्या स्टोव्हमध्ये रॉकेल भरताना बायामाणसे भाजतात, ती यामुळेच. स्टोव्ह विझवून पुरता गार होऊ द्यावा, मगच भरावा. स्वयंपाक अर्धा तास उशिरा झाला तर होऊ द्या.

रॉकेलात थोडेसे पेट्रोल पडले तरी भडक्याचा अंश झरझर खाली येतो. हे डोळ्यांना कळत नाही. वासावरही भरवसा ठेवता येत नाही. म्हणून ज्या डब्यात पेट्रोल होते, त्या डब्यात रॉकेल कधी घेऊ नये. डबा रिकामा दिसला तरी आत वाफ असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत जाते, आणि आग तिच्यावरून उलट डब्याकडे धावत येते.

पिकावर फवारायच्या काही औषधांतही पेटणारे तेल घातलेले असते. त्यांचीही अशीच परीक्षा होते. अशा बाटलीच्या कागदावर ज्वालेचे चित्र असेल तर ती विस्तवापासून लांब ठेवा, आणि तिच्याजवळ विडी ओढू नका.