बावीस पाने आणि एक दिमडी

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले, की नळदुर्गच्या अलीकडे अणदूर लागते. येथल्या खंडोबाचा संसार दोन गावांत आहे. वर्षातले जवळजवळ दोन महिने देव नळदुर्गला राहतो, बाकीचा काळ अणदुरात. मूर्ती एकच, तीच ये-जा करते.

काही वर्षांपूर्वी चैत्रात मला तेथे व्याख्यानाचे बोलावणे आले. विषय, लोकसाहित्य. प्राध्यापकी इमानाला जागून मी बावीस पाने टिपणे काढली. वर पडद्यावर दाखवायला चाळीस स्लाइडा! दहाव्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी भिंतीला डोके टेकले. तरुण मंडळी पाणी प्यायला म्हणून गेली, ती गेलीच. मी आपला पाने उलटीत राहिलो. आभार मानणाऱ्या गृहस्थांनी 'विद्वत्ताप्रचुर' हा शब्द तीनदा उच्चारला, तेव्हा कुठे माझे कान तापले.

रात्री यजमानांच्या शेजारी नव्या जोडप्याचे जागरण होते. तेथे जाऊन बसलो. मध्यरात्र उलटली आणि पाहतो तो काय, दुपारच्या त्याच आजीबाई टक्क जाग्या!

वाघ्याला कसली म्हणून घाई नव्हती. तुणतुणे लावता लावता त्याने साऱ्या मांडवावरून नजर फिरवली. पोरे किती, म्हातारी किती. मग एकेका देवाला जागराला बोलावणे झाले. तेवढ्यात उशिरा आलेलेही स्थिरावले. मणि-मल्ल दैत्यांची कथा कोणाला ठाऊक नाही? तरी त्याचा जोडीदार मोठ्या भाबडेपणाने मध्येच विचारी, "आन् मग देवानं काय केलं?" श्रोत्यांच्या मनातला प्रश्न त्याच्या तोंडून यायचा. युद्ध लांबले, एखादे पोर जांभई देऊ लागले, की दिमडी कडाडे आणि मुरळी उठे. म्हाळसा-बाणाईचे भांडण निघाले तेव्हा म्हाळसेचा ठसका त्याने नेमका वरमाईकडे पाहून काढला. मांडव हसून लोटपोट! (वरमाई सर्वांत जास्त हसल्या, हे सांगायला हवे.)

पहाटे लंगर तुटला, कपाळी भंडारा लागला. मी वाघ्याला तयारीबद्दल विचारले. तो म्हणाला, "गाणं बापाकडनं आलं, सर. पर माणसं रोज नवी. त्येंच्याकडं बघावं लागतं."

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना समोर बसवून ते व्याख्यान पुन्हा सांगितले. जेथे त्या "बरं, मग?" म्हणाल्या नाहीत, तेथे काट मारली. बावीस पानांची पाच उरली. माझी आवडती व्युत्पत्तीही गेली. तिचे दुःख अजून आहे.

पुढच्या वर्षी अणदूरकरांनी, कोण जाणे का, पुन्हा बोलावले. आजीबाई पुढच्याच रांगेत होत्या. हातात चिटोरेसुद्धा न घेता, त्यांच्याकडे पाहून मी बाणाईची गोष्ट सुरू केली. अर्ध्या तासाने त्यांनी हात वर केला.

"मास्तर, तुमी म्हाळसेचं चुकीचं सांगितलंत," त्या म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटे त्याच बोलत होत्या.