रूळ गेले, वाट राहिली

स्पेन म्हटले की फुटबॉलची मैदाने, टोमॅटोची होळी आणि बैलांपुढे धावणारे तरुण डोळ्यांसमोर येतात. २०११ साली प्रदर्शित झालेल्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या चित्रपटाने हा स्पेन आपल्याकडे घरोघरी पोहोचवला. परंतु याच देशाच्या अंतर्भागात आणखी एक स्पेन आहे. तेथे ऑलिव्हच्या बागा क्षितिजापर्यंत पसरलेल्या असतात, डोंगरमाथ्यावर पांढऱ्याशुभ्र घरांची खेडी असतात आणि त्यांच्यामधून एक अरुंद, सपाट वाट शांतपणे वळणे घेत जाते. या वाटेवर मोटारींना मज्जाव आहे. ती सायकलस्वारांची आणि पादचाऱ्यांची वाट आहे. स्पॅनिश भाषेत अशा वाटांना ‘विआस वेर्देस’, म्हणजेच ‘हिरव्या वाटा’, असे म्हणतात. नाव हिरवे असले तरी त्यांचा जन्म लोखंडातून झाला आहे. एके काळी या सर्व वाटा रेल्वेच्या होत्या.

बंद पडलेल्या मार्गांचा हिशेब

स्पेनच्या मुख्य भूमीवरील पहिली रेल्वे १८४८ साली बार्सिलोना ते मातारो या मार्गावर धावली. त्यानंतरच्या काही दशकांत खाणींतील लोखंड, शेतातील धान्य, द्राक्षमद्य आणि तेल बंदरापर्यंत नेण्यासाठी डोंगर फोडून लोहमार्ग टाकले गेले. पुढे रस्ते सुधारले, ट्रक आले आणि लहान मार्ग तोट्यात जाऊ लागले. एकामागून एक मार्ग बंद होत गेले. १ जानेवारी १९८५ या एकाच दिवशी नऊशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गांवरील वाहतूक थांबली. रूळ उखडून भंगारात गेले, स्थानकांना कुलपे लागली आणि बोगद्यांत वटवाघळांनी वस्ती केली. गावातील तरुण मंडळी तर आधीपासूनच शहरांकडे निघाली होती. गाडी बंद झाली, तेव्हा मागे राहिलेल्यांचा जगाशी असलेला आणखी एक धागा तुटला.

१९९३ साली स्पेनमध्ये या मालमत्तेची पद्धतशीर मोजदाद झाली. वापरात नसलेले मार्ग ७,६०० किलोमीटरहून अधिक भरले. त्यांवर ९५४ स्थानके, ५०१ बोगदे आणि १,०७० पूल होते. बँकिंगच्या परिभाषेत बोलायचे तर ही एक प्रचंड अनुत्पादक मालमत्ता होती. तुकडे पाडून ती विकून टाकणे हा सोपा उपाय होता. शेजारच्या शेतकऱ्याला बांधालगतची पट्टी मिळाली असती आणि तिजोरीत थोडी रक्कम जमा झाली असती. पण या जमिनीचे खरे मूल्य तिच्या क्षेत्रफळात नव्हते, ते तिच्या सलगतेत होते. मधला एक किलोमीटर विकला गेला, तर उरलेल्या पन्नास किलोमीटरची किंमत शून्यावर येते. हे ओळखून त्याच वर्षी हिरव्या वाटांचा कार्यक्रम सुरू झाला. स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठानाकडे त्याच्या समन्वयाचे काम आले, तर प्रत्यक्ष बांधणी आणि देखभाल प्रांतिक मंडळे, नगरपालिका आणि प्रादेशिक शासने यांनी उचलली. आज अशा वाटांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे.

आगगाडी न पाहिलेला मार्ग

दक्षिणेकडील आंदालुसिया प्रदेशात ओल्वेरा आणि पुएर्तो सेर्रानो या गावांमध्ये छत्तीस किलोमीटरची ‘विआ वेर्दे दे ला सिएर्रा’, म्हणजे डोंगरवाट, आहे. तिची कथा सर्वांत विलक्षण आहे. १९२० च्या दशकात हा लोहमार्ग बांधायला घेतला गेला. तीस बोगदे खोदले गेले, चार उंच पूल उभे राहिले, स्थानकांच्या इमारतीही बांधून झाल्या. पण १९३६ साली यादवी युद्ध पेटले आणि पुढे पैशाची चणचण कायमची झाली. १९६२ साली जागतिक बँकेने स्पेनच्या अर्थव्यवस्थेविषयी दिलेल्या अहवालात नवे लोहमार्ग बांधण्याचा नाद सोडावा, असा सल्ला होता. या मार्गाचे भवितव्य तेथेच मिटले. त्यावरून एकही आगगाडी कधी धावली नाही.

आज मात्र त्या न वापरलेल्या बोगद्यांतून सायकली धावतात. जुन्या स्थानकांपैकी काहींत उपाहारगृहे आणि मुक्कामाच्या खोल्या आहेत. वाटेत साफ्रामागोन नावाचा भला मोठा सुळका लागतो. त्याच्या कड्यांवर ग्रिफॉन जातीच्या गिधाडांची मोठी वसाहत आहे आणि जवळच्या स्थानकात त्यांची माहिती देणारे केंद्र आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे आपल्याकडील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली भारताने त्या पशुवैद्यकीय औषधावर बंदी घातली. हा इतिहास ठाऊक असलेल्या भारतीय प्रवाशाला आकाशात शांतपणे घिरट्या घालणारे हे थवे पाहताना काय वाटेल, ते वेगळे सांगायला नको.

तेलाची आणि लोखंडाची वाट

हाएन हा प्रांत जगातील ऑलिव्ह तेलाचे सर्वांत मोठे कोठार मानला जातो. तेथील तेल मालागा बंदराकडे नेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक लोहमार्ग बांधला गेला. लोक त्याला ‘तेलाची गाडी’ म्हणत. तो मार्ग बंद झाला, पण आज त्याच वाटेने हाएन शहरापासून पुएंते हेनिलपर्यंत सुमारे १२८ किलोमीटर सायकल चालवता येते. नद्या-ओढ्यांवरील जुने लोखंडी पूल जसेच्या तसे उभे आहेत. त्यांवरून जाताना दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या झाडांच्या रांगा दिसतात, जणू कोणी डोंगरांवर हिरव्या शाईने आखून ठेवलेल्या ओळीच. सुएरोससारखे कड्याला बिलगलेले गाव पाहण्यासाठी वाकडी वाट करावी, इतके ते देखणे आहे.

सर्वांत लांब वाट आहे ती ओहोस नेग्रोसची. तेरुएल प्रांतातील या खाणीतून लोखंडाचे खनिज भूमध्य समुद्रावरील सागुंतो बंदरात नेले जाई. जवळूनच एक लोहमार्ग जात होता, पण भाड्यावरून त्या कंपनीशी जमेना, म्हणून खाणमालकांनी स्वतःचा दोनशे किलोमीटरचा मार्ग बांधला आणि तो १९०७ साली सुरू केला. दोन प्रतिस्पर्धी मार्ग मैलोन्मैल एकमेकांना समांतर धावत राहिले! खनिजाची ही गाडी १९७२ साली थांबली. आता तेथे दीडशे किलोमीटरहून अधिक लांबीची सायकलवाट आहे. सुमारे बाराशे मीटर उंचीची खिंड ओलांडली की पुढचा प्रवास बव्हंशी उताराचा आहे. कोरड्या, वाऱ्याने झोडपलेल्या पठारावरून निघालेला सायकलस्वार दोन-तीन दिवसांत संत्र्यांच्या बागांमध्ये येऊन पोहोचतो.

ईशान्येकडे तेर्रा आल्ता भागातील वाटही अशीच स्मरणीय आहे. हा मार्ग समुद्रापर्यंत नेण्याचा बेत होता, पण तो तोर्तोसा येथेच थांबला आणि १९७३ साली एक बोगदा ढासळल्यावर कायमचा बंद पडला. या वाटेच्या परिसरातच १९३८ साली एब्रो नदीची घनघोर लढाई झाली, आणि याच वाटेवरील ओर्ता दे सांत होआन या गावी तरुण पिकासोने चित्रे काढली.

सायकलसाठीच जणू

आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही आणि एकदम वळताही येत नाही. म्हणून जुन्या अभियंत्यांनी दऱ्यांवर पूल बांधले, डोंगरांत बोगदे काढले आणि चढ शंभर मीटरला साधारण तीन मीटरच्या आत ठेवला. या खटाटोपाचा लाभ आज सायकलस्वाराला मिळतो. डोंगराळ मुलखातूनही साठी ओलांडलेली व्यक्ती किंवा दहा वर्षांचे मूल दम न लागता जाऊ शकते. अनेक वाटांच्या काही टप्प्यांवर चाकांच्या खुर्चीवरूनही सहल करता येते.

अर्थात सारेच गोड नाही. दरडी कोसळतात, पूल गंजतात, आणि तुटपुंज्या उत्पन्नाच्या लहान नगरपालिकांना देखभालीचा खर्च जड जातो. ‘आम्हाला सायकली नकोत, आमची गाडी परत द्या,’ असा सूरही काही भागांतून उमटतो. तो चुकीचा म्हणता येणार नाही. आजारी आईला शहरातील रुग्णालयात न्यायचे असेल, तर सायकलवाट उपयोगाची नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वाट राखली गेल्यामुळे जमीन अखंड राहिली, आणि पुढे कधी लोहमार्गाची गरज भासलीच तर ती पट्टी मोकळी आहे. तोवर स्थानकात चहा-कॉफी देणारे कुटुंब, सायकली भाड्याने देणारा गावकरी आणि दोन खोल्या पाहुण्यांना देणारी गृहिणी यांना गावातच राहून चार पैसे मिळवता येतात. ओस पडत चाललेल्या खेड्यांत ही बाब लहान नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

स्पेनला जाण्यासाठी भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. माद्रिद किंवा बार्सिलोना येथे उतरून पुढे रेल्वेने वा बसने जाता येते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये आंदालुसियाचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, म्हणून तेव्हा जाणे टाळावे. गावाबाहेर सायकल चालवताना शिरस्त्राण कायद्याने सक्तीचे आहे, आणि बोगद्यांसाठी सायकलला पुढे-मागे दिवे हवेतच. वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे रस्ता ओलांडताना विसरू नये. दुपारी दुकाने काही तास बंद असतात आणि रात्रीचे जेवण नऊच्या आधी क्वचितच मिळते, म्हणून पाणी आणि खाऊ जवळ ठेवावा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, तरी लहान गावांसाठी थोडे रोख युरो खिशात असावेत. शाकाहारी मंडळींनी आपली अडचण सांगणारी चार स्पॅनिश वाक्ये आधीच पाठ करून ठेवावीत.

तोट्यात गेलेल्या प्रत्येक उपक्रमाच्या खातेवहीत एक शेवटची ओळ असते, आणि बहुधा ती ‘विक्री’ अशीच असते. स्पेनमधील या गावांनी त्या ओळीच्या जागी ‘जतन’ असे लिहिले. ज्या पुलांवरून तेलाची पिंपे गेली, त्यांवरून आज आजोबा आणि नातू शेजारी-शेजारी सायकल चालवत जातात. या नोंदीचे व्याज आकड्यांत मांडणे अवघड आहे, पण ते नियमित जमा होत आहे.