विश्लेषण : खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे कधी सोडावेत?

समुद्री मीठ मिसळून टाकी भरली, की त्याच दिवशी मासे सोडण्याचा मोह होतो. नव्या टाकीतले मासे अनेकदा दगावतात ते याच घाईमुळे.

कारण काय?
माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून विषारी अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

क्रम कसा ठेवावा?
चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावर क्लाउनफिशसारखे एक-दोन काटक मासे सोडावेत. पुढचे मासे काही आठवड्यांच्या अंतराने. प्रवाळांना क्षारता आणि तापमान स्थिर लागते. नाजूक प्रवाळांची पाळी काही महिन्यांनी.

कायदा काय सांगतो?
आपल्या समुद्रातील पाषाण-प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यामुळे मालवणच्या समुद्रातून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा ठरतो. क्लाउनफिशची पैदास मात्र केरळमधील विळिंजम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात यशस्वी झाली आहे. म्हणून मासा पैदास केंद्रातला की समुद्रातून पकडलेला, हे दुकानदाराला आधी विचारावे.