हनोईच्या पदपथावरील पाकशाळा

व्हिएतनामच्या राजधानीस जाणाऱ्या महाराष्ट्रीय प्रवाशास पहिली चिंता पोटाची पडते, आणि ती निराधार नव्हे. हनोईंत रस्त्यावर जें शिजतें त्यांतील बहुतेकांत 'नुओक मम' नांवाचा, आंबविलेल्या माशांचा रस मिठाच्या जागीं पडतो. ज्या 'फो'करितां हें शहर जगांत नांवाजलें आहे, त्यांतील तांदळाच्या चपट्या शेवया निर्दोष. परंतु रस्सा बहुधा गाईच्या हाडांचा! पूर्वीं तेथील शेतकरीहि गुरें नांगराकरितांच राखीत. फ्रेंच अंमलांत गोमांसाची मागणी वाढली व उरलेल्या हाडांतून हा पदार्थ जन्मास आला, असें सांगतात. मग शाकाहारी कुटुंबानें तेथें जावें काय, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें. आमचें उत्तर असें कीं, अवश्य जावें. मात्र एक शब्द व दोन तिथि ध्यानांत ठेवून जावें.

होआन कीएम सरोवराच्या उत्तरेस जुनी पेठ पसरली आहे. तेथील गल्ल्यांचीं नांवें मालावरून पडलीं आहेत: हांग बाक म्हणजे चांदीची, हांग थिएक जस्त-कथिलाच्या पत्र्याची, हांग मा पूजेच्या कागदी वस्तूंची. पुण्याच्या तांबट आळींतील ठोक्यांचा नाद ज्यानें ऐकला आहे, त्यास हांग थिएक परकी वाटणार नाहीं. घरें दर्शनी बाजूस अरुंद व आंत बोगद्यासारखीं लांब. एकेका घरांत अनेक बिऱ्हाडें. त्यामुळें संसार पदपथावर येतो. न्हावी तेथेंच आरसा टांगतो, म्हातारे तेथेंच बुद्धिबळाचा पट मांडतात, आणि वीत-दीड वीत उंचीच्या स्टुलांवर बसून सारें शहर जेवतें. या पाकशाळेची स्वामिनी बहुधा स्त्री. शंकूसारखी टोपी घातलेली ही बाई खांद्यावर कावड घेऊन येते; एका टोपलींत शेगडी व पातेलें, दुसरींत वाडगे. आपल्याकडे कावड पुरुषांच्या खांद्यावर दिसते. एवढें ओझें घेऊन मोटार-सायकलींच्या लोंढ्यांतून निश्चिंतपणें चालणारी ती स्त्री पाहून आम्ही थक्क झालों.

आतां तो शब्द. शाकाहारास तेथें 'चाय' म्हणतात. तेथील लिपि रोमन असल्यानें पाटी वाचतां येते. मात्र त्या पाटीखालीं चहा मिळेलच असें नाहीं! चांद्रमासाचा पहिला व पंधरावा दिवस, म्हणजे स्थूलमानानें आपली शुद्ध प्रतिपदा व पौर्णिमा, या दिवशीं अनेक बौद्ध कुटुंबें मांस-मासे वर्ज्य करतात, बुद्धापुढें व पितरांपुढें फळें-फुलें ठेवतात, आणि एरव्हीं सामिष विकणारे कित्येक जण चाय रांधतात. कडक व्रत पाळणारे कांदा-लसूणहि खात नाहींत. आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांस हें सांगतांच त्या देशाविषयींचा त्यांचा आदर एकदम वाढला.

इतर दिवशीं सकाळचा 'सोइ' उत्तम. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून वाफवितात, त्यांत शेंगदाणे घालतात व वर तीळ-मिठाची पूड. चव घरच्याच तिळकुटाची. हळदीच्या पिवळ्या सोइवर मात्र चरबीचा चमचा पडतो. तो आधींच नको म्हणावा. सोयाबीनच्या दुधाचें 'ताव फो' तर दिसण्यांत थेट खरवस. त्यावर साखरेचा पाक घालून देतात.

एक बिनमांसाचा फोहि त्या शहरानें पाहिला आहे, पण तो दैन्याचा. अमेरिकेशीं युद्ध चाललें असतां अन्न शिधापत्रिकेवर मिळे व सरकारी दुकानांतील वाडग्यांत मांसाचा तुकडा नसे. आकाशांत शत्रूचीं माणसावांचून उडणारीं टेहळणी-विमानें फिरत. त्यांवरून लोकांनीं त्यास 'वैमानिकावांचून फो' असें नांव ठेविलें. पुढें १९८६ सालीं आर्थिक धोरण पालटलें, खाजगी व्यापारास मोकळीक मिळाली आणि पदपथ पुन्हां गजबजले.

आतां त्यांवर दुसरें संकट आहे. २०१७ सालीं हनोई व पूर्वीचें सायगांव या दोन्ही शहरांत पदपथ मोकळे करण्याची मोठी मोहीम झाली. पादचाऱ्यास वाहनांमधून चालावें लागतें, ही अधिकाऱ्यांची तक्रार खोटी नव्हे. आम्हींहि तो त्रास सोसला आहे. परंतु दुकानदारास निदान आंत सरकतां येतें. कावडवालीस आंत अशी जागाच नाहीं. शिपाई दिसतांच ती शेगडीसह उठते, आणि गिऱ्हाईक हातांतील वाडगा घेऊन तिच्यामागें चार पावलें जातें.

सोइ खावयाचा असेल तर मात्र पहांटेसच बाहेर पडावें. उन्हें वर येण्यापूर्वींच त्या टोपल्या रिकाम्या होतात.