हिंगुळाचा हिंगु होऊ नये म्हणून

आयुर्वेदाचा ग्रंथवारसा आपल्यापर्यंत पोहोचला तो नकला करणाऱ्या असंख्य अनाम हातांमुळे. भूर्जपत्र, ताडपत्र, हातकागद आणि पुढे खिळ्यांची छपाई अशी स्थित्यंतरे या ग्रंथांनी पाहिली. प्रत्येक स्थित्यंतरात काही अक्षरे गळाली, काही बदलली. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली, चक्रपाणिदत्तांच्या आयुर्वेददीपिका टीकेसह असलेली चरकसंहिता १९४१ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाली. तिच्या तळटीपांतील पाठभेद चाळले, की एकेका अक्षरासाठी संपादकाला किती हस्तलिखिते धुंडाळावी लागली असतील याची कल्पना येते.

असेच एक स्थित्यंतर आज आपल्या चिकित्सालयांतील व औषधशाळांतील कपाटांत चालू आहे. १९९० नंतरच्या दोन दशकांत आपल्यापैकी अनेकांनी कल्पपुस्तिका, रुग्णपत्रके, लेबलांचे मजकूर आणि व्याख्यानांच्या टिपा संगणकावर उतरवून घेतल्या. ते संगणक आता मोडीत निघाले. फाइली नव्या संगणकावर आणल्या जात आहेत आणि तेथे त्या उघडत नाहीत, किंवा उघडल्या तरी वाचता येत नाहीत. मग कोणीतरी त्यांचे 'रूपांतर' करून देतो. या रूपांतरात काय घडू शकते, याचा आम्हांस आलेला अनुभव वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमचा अनुभव

आमच्या औषधशाळेची कल्पपुस्तिका १९९८ साली डीटीपी करून घेतलेली होती. तिच्या जुन्या फाइलीचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतले तेव्हा छापील पानावर बऱ्याच ठिकाणी अक्षरे गळालेली दिसली. 'पिप्पलीमूळ'चे 'पिप्पलीमू' झाले होते, 'तुळस'ची 'तुस' झाली होती. टंकलेखकाने हे दोष तत्परतेने हाताने दुरुस्त केले. पुस्तिका स्वच्छ दिसू लागली आणि आम्हीही निश्चिंत झालो.

पुढे त्रिभुवनकीर्ती रसाचा घाट घालावयाचा होता. नव्या पुस्तिकेतून द्रव्ये काढण्याची यादी खलाकडील वृद्ध कामगाराच्या हाती गेली. यादी वाचून तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "वैद्यबुवा, हा रस तांबडा व्हायचा. ह्यात हिंग कुठून आला?" पाहतो तो पहिलेच द्रव्य 'शुद्ध हिंगु' असे छापलेले! मूळ शब्द होता 'हिंगुळ'. रूपांतरात पुस्तिकेतील प्रत्येक 'ळ' गळाला होता. 'पिप्पलीमू' हा शब्दच नसल्यामुळे तो डोळ्यांना खुपला. 'हिंगु' हा मात्र पूर्ण, शुद्ध आणि परिचित शब्द असल्यामुळे कोणालाच खुपला नाही. हिंगाचेही शोधन होत असल्यामुळे 'शुद्ध' या विशेषणानेही संशय आला नाही. द्रव्ये अजून खलात पडलेली नव्हती, एवढेच आमचे भाग्य.

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते एका वाक्यात सांगता येईल. ज्या चुकीने शब्द मोडतो ती चूक दिसते. ज्या चुकीतून दुसरा खरा शब्द तयार होतो ती दिसत नाही. संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीसही तिला पकडू शकत नाही.

असे का घडते?

यासाठी फाइलीच्या दोन अंगांत भेद केला पाहिजे. एक तिचे पात्र आणि दुसरे त्यातील द्रव्य. वर्डची जुनी 'डॉक' पद्धती, २००७ पासून रूढ झालेली 'डॉक्स' पद्धती, लिब्रे ऑफिसची 'ओडीटी' पद्धती आणि पेजमेकरची फाइल ही निरनिराळी पात्रे होत. पात्र बदलताना समास, रकाने, पानांची मांडणी बिघडते. पण इंग्रजी मजकुराची अक्षरे सहसा टिकून राहतात.

मराठीची अडचण द्रव्यातच आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फार तर २५६ स्थाने उपलब्ध असत आणि त्यांतील पहिली १२८ मुळात इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे यांची. देवनागरीतील जोडाक्षरे त्यांत मावणे अशक्य. म्हणून फॉन्ट तयार करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे पाडून ते इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' हे सांकेतिक मानक प्रसिद्ध केले होते. परंतु फॉन्टमधील तुकड्यांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळीच राहिली. कृतिदेव फॉन्टमध्ये 'आयुर्वेद' हा शब्द संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी व्ही, के, अर्धविराम, क्यू, ओ, एस, मोठा झेड आणि एन एवढाच आहे. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर तेवढेच दिसते. त्यामुळे अशा फाइलीत 'अश्वगंधा' शोधू गेल्यास संगणकाला ती सापडत नाही. त्याच्या लेखी तेथे मराठी मजकूरच नसतो.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचे, जगभर एकच असलेले स्थान आहे. आजचे संगणक आणि मोबाइल हीच पद्धती वापरतात. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये जाणे म्हणजे कोष्टक समोर ठेवून तुकड्यातुकड्याला नवे स्थान देणे. कोष्टकात एखादा तुकडा नसेल तर ते अक्षर गळते. आमच्या 'ळ'चे तेच झाले. शिवाय क्रमही बदलावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये 'पित्त' शब्दातील ऱ्हस्व वेलांटी 'प'च्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये ती 'प'च्या नंतर येते. 'चूर्ण' शब्दातील रफार पूर्वी 'ण'नंतर साठविला जाई, आता तो आधी येतो. हा क्रम चुकला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.

चरकाचार्यांनी संस्काराने द्रव्यात गुणांतर घडते असे सांगितले आहे. फाइलीचे रूपांतर हा मात्र संस्कार नव्हे. येथे गुणांतर होता कामा नये.

दोष कोठे दडतात?

१. द्रव्यनामे : एक दीर्घ वेलांटी गळाली की 'पिंपळी'चा 'पिंपळ' होतो. मात्रेची आणि उकाराची अदलाबदल झाली की 'कोष्ठ' आणि 'कुष्ठ' यांत फरक राहत नाही. हिंगुळाचा प्रसंग वर आलाच आहे. हिंगुळ, वत्सनाभ व धत्तूर ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई (१) परिशिष्टात विषद्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत आणि त्यांनी युक्त असलेल्या आभ्यंतर औषधाच्या लेबलावर सावधगिरीची सूचना बंधनकारक आहे. द्रव्ययादीतून असे एक नाव बदलले तर प्रश्न शुद्धलेखनापुरता उरत नाही.

२. अपूर्णांक : पूर्वी 'दीड' लिहिताना एकाच्या अंकापुढे लहान अक्षरांत एक छेद दोन असे लिहीत. रूपांतरात अक्षरांचा लहानमोठेपणा नाहीसा झाला की 'दीड ग्रॅम'चे '११/२ ग्रॅम' होतात. मधली रेघही गळाली तर ११२ उरतात.

३. घातांक : आयुर्वेदिक फार्माकोपियात एकूण सूक्ष्मजीवसंख्येची मर्यादा प्रतिग्रॅम दहाचा पाचवा घात, म्हणजे एक लाख, अशी दिली आहे. घातांक खाली उतरला की ती मर्यादा १०५ होते. परीक्षण-अहवालाशी ताडून पाहणाऱ्याची यात पूर्ण दिशाभूल होते.

४. मायक्रो हे चिन्ह : ग्रीक 'म्यू' अक्षर पूर्वी 'सिम्बॉल' नामक फॉन्टमधून घेत. त्या फॉन्टमध्ये ते इंग्रजी 'एम'च्या जागी असते. फॉन्ट बदलला की मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम आणि मायक्रोलिटरचे मिलिलिटर होतात. चूक हजारपटीची, आणि दिसावयास संपूर्ण निर्दोष.

५. रकाने : द्रव्ये एका बाजूस व प्रमाणे दुसऱ्या बाजूस अशी मांडणी अनेकांनी कोष्टक न करता मोकळ्या जागा सोडून केलेली असते. फॉन्टची रुंदी बदलताच ओळ तुटते आणि एका द्रव्याचे प्रमाण दुसऱ्यासमोर जाऊन बसते.

६. मराठीची खास अक्षरे : हिंदीसाठी केलेल्या कोष्टकांत 'ळ' आणि 'दुसऱ्या'मधील 'ऱ्य' यांची आबाळ होते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तत्पूर्वीच्या मजकुरात ते 'अ' व चंद्र जोडून लिहिलेले असते. दोन्ही रूपे दिसावयास सारखी असली तरी एक शोधल्यास दुसरे सापडेलच असे नाही.

रूपांतराचा विधी

पंचकर्माप्रमाणे येथेही पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म अशी विभागणी केल्यास सोयीचे होते.

पूर्वकर्म : मूळ फाइलीला हात लावू नये, तिची प्रत करून त्या प्रतीवर काम करावे. जुना संगणक चालू अवस्थेत असेल तर तो मोडीत देण्यापूर्वी सर्व महत्त्वाच्या फाइलींची कागदावर छपाई करून घ्यावी. पुढे वाद उद्भवल्यास हाच आपला मूळ पाठ. फाइलीसोबत तिचा फॉन्टही जपून ठेवावा आणि त्याचे पूर्ण नाव लिहून ठेवावे, कारण एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांची मांडणी वेगळी असू शकते. त्यानंतर एक चाचणी-पत्रक करावे. त्यात जुन्या फॉन्टमध्ये संपूर्ण बाराखडी, दहाही अंक, अपूर्णांक, 'ळ', 'ऱ्य', 'ज्ञ', 'क्ष' आणि नित्य वापरातील जोडाक्षरे टंकित करून प्रथम त्याचेच रूपांतर करून पाहावे. आम्ही हे केले असते तर 'ळ'चा दोष पाच मिनिटांत उघडकीस आला असता.

प्रधानकर्म : आधी पात्र बदलावे, मग द्रव्य. वर्डच्या नव्या आवृत्त्या अतिजुन्या फाइली सुरक्षिततेच्या कारणास्तव अडवितात. अशा वेळी विनामूल्य मिळणारे लिब्रे ऑफिस उपयोगी पडते. २०१५ सालच्या ४.४ आवृत्तीपासून त्यात पेजमेकरच्या फाइली उघडण्याचीही सोय झाली आहे. नंतर नेमक्या त्याच फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने मराठी भागाचे रूपांतर करावे. वनस्पतींची लॅटिन नावे आणि इंग्रजी मजकूर त्यातून वगळावा, अन्यथा त्यांचेही निरर्थक देवनागरीत रूपांतर होते. रुग्णांची माहिती असलेल्या फाइली किंवा औषधशाळेचे स्वतःचे पाठ इंटरनेटवरील अनोळखी परिवर्तकाला देऊ नयेत. ते काम आपल्याच संगणकावर करून घ्यावे.

पश्चात्कर्म : खरी कसोटी येथेच आहे. प्रथम संख्या मोजाव्यात : जुन्या प्रतीत कल्प किती, नव्या प्रतीत किती, प्रत्येक कल्पात द्रव्ये किती, भागांची बेरीज जुळते का. त्यानंतर दोघांनी मिळून वाचन करावे. एकाने जुन्या छापील प्रतीतून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने नव्या प्रतीवर बोट ठेवून पाहत जावे. अंक शब्दांत उच्चारावेत. हे वाचन टंकलेखकावर सोपवू नये. त्या दोघांपैकी एक तरी द्रव्यगुण जाणणारा असावा. वाचन पूर्ण झाल्यावर दोघांनी दिनांकासह सही करावी आणि मगच ती प्रत औषधशाळेत वापरावी. शेवटी संमत प्रत फॉन्टसह पीडीएफ स्वरूपात करून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. दीर्घकालीन जतनासाठी 'पीडीएफ-ए' हे २००५ पासूनचे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे.

नव्याने लिहितानाही थोडी दक्षता घेतल्यास पुढील पिढीचे श्रम वाचतील. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. रकान्यांसाठी कोष्टकच वापरावे. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहावा. प्रमाण अंकात आणि अक्षरांत असे दोन्ही प्रकारे द्यावे : '१.५ (दीड) ग्रॅम', '१२५ मिलिग्रॅम (एक गुंजा)'. सराफ आणि बँका रकमेच्या बाबतीत जी काळजी घेतात ती आपण मात्रेच्या बाबतीत का घेऊ नये?

आमच्याकडील तो कामगार फारसा शिकलेला नाही. पण त्रिभुवनकीर्तीचा रंग त्याच्या डोळ्यांत आणि हिंगुळाचे वजन त्याच्या हातात होते, म्हणून चूक पकडली गेली. असे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. उद्या ज्याच्या हाती यादी जाईल त्याच्यापाशी कागदाखेरीज दुसरा आधार नसेल. तो कागद निर्दोष ठेवण्याची जबाबदारी तुमची-आमची आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधशाळाचालकांनी आपापल्या रूपांतरित पुस्तिका एकवार जुन्या प्रतींशी ताडून पाहाव्यात, ही नम्र विनंती. प्रारंभ विषद्रव्ययुक्त कल्पांपासून करावा.