लॅटिन मिस्सा आणि नगरचा मुलूख

सन 1878 मध्ये जर्मन जेसुइट धर्मगुरूंनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथे ठाणे मांडले, तेव्हापासून नगर जिल्ह्यातील कॅथलिक समाजाच्या उपासनेत दोन भाषा शेजारी शेजारी नांदू लागल्या: प्रवचन आणि जपमाळ मराठीत, आणि वेदीवरील मिस्सा मात्र पोप पाचवे पायस यांनी 1570 साली फर्मावलेल्या विधीप्रमाणे लॅटिनमध्ये. याच केंदळातून फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली ‘निरोप्या’ मासिक सुरू केले, आणि धर्मविचार मराठी गद्यातून घरोघर पोचू लागला.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेत देशी भाषांना मुभा दिली. 1969 साली पोप सहावे पॉल यांनी नवा मिस्साविधी जारी केला, आणि त्याच वर्षी भारतातील महागुरूंच्या विनंतीवरून आरती, अंजली, पादत्राणे उतरवून उपासना करणे अशा बारा देशी आचारांना रोमची मान्यता मिळाली. ज्यांना या बदलांत चार शतकांच्या वारशाचा उच्छेद दिसला, त्यांचे नेतृत्व फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांच्याकडे गेले. 1970 साली त्यांनी संत दहावे पायस यांच्या नावे धर्मगुरूंचा संघ स्थापिला, आणि 1988 साली पोपची आज्ञा डावलून चार बिशपांना दीक्षा दिल्यामुळे ते बहिष्कृत ठरले. आपल्या देशात कॅथलिक लेखक व्हिक्टर कुलंदई यांनी देशी आचारांविरुद्ध निकराने लेखणी चालविली, आणि तमिळनाडूत पाळयंकोट्टै येथे लफेव्र यांच्या संघाचे ठाणे झाले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 साली जुन्या मिस्सेला दिलेली व्यापक परवानगी पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली पुन्हा संकुचित केली.

नगरच्या मुलखात जुन्या मिस्सेची ही चळवळ रुजली नाही, आणि याचे कारण येथील लोकांची परंपरेविषयीची अनास्था खचित नव्हे. परिषदेच्या कितीतरी आधी, 1949 साली, हरेगावी मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा सुरू झाली होती; भाविकांची परंपरा मराठीतच साकारली होती, म्हणून लॅटिन गेल्याने श्रद्धेचा पाया ढळला नाही. तथापि ज्या वृद्धांनी बालपणी अर्थ न उमगताही त्या गंभीर स्वरांपुढे गुडघे टेकले, त्यांची हळहळ हा हट्ट नव्हता. पूज्य वस्तूपुढे वाणी संयत असावी, हा त्यांचा आग्रह सर्वस्वी रास्त होता. 1987 पासून नगर ज्या नाशिक धर्मप्रांतात आहे, त्याच्या धर्मग्रामांनी त्या पिढीच्या कंठातील लॅटिन स्तोत्रे ध्वनिमुद्रित करून दफ्तरी दाखल करावीत, आणि हे काम विलंब न लावता व्हावे.