नग किती छापले?

गेल्या दिवाळीत पुतण्याने मुंबईहून एक तसबीर आणली आणि रोह्याच्या आमच्या पेढीत गादीमागच्या भिंतीवर लावली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचे भित्तिचित्र. डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने रेखाटलेला, पाण्यात सूर मारणारा जलतरणपटू. ‘दुर्मीळ आहे, भाव चढतच जाणार,’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. थोरल्या काकांनी चष्मा सावरून एवढेच विचारले, “नग किती छापले?” पुतण्या निरुत्तर झाला.

प्रश्न अचूक होता. म्युनिकच्या आयोजकांनी हॉकनी, वासारेली, कोकोश्का, जेकब लॉरेन्स अशा नामवंतांकडून त्या स्पर्धेसाठी चित्रे करून घेतली होती. चित्रकाराने स्वतः सही करून क्रमांक घातलेल्या प्रती एकेका चित्राच्या अवघ्या 200. प्रचारासाठी छापलेल्या साध्या प्रती मात्र मुबलक. चित्र तेच, किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर. पेणच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकाच साच्यातून शेकडो गणेशमूर्ती निघतात. डोळ्यांची आखणी कोणत्या हाताची, यावर मूर्तीचे मोल ठरते.

योगायोग असा, की म्युनिक हे शिळाछपाईचे माहेरघर. 1796 च्या सुमारास आलोइस सेनेफेल्डरने ही कला तिथे शोधली. तिला लागणारा उत्तम चुनखडीचा दगड त्याच बव्हेरिया प्रांतातल्या झोल्नहोफेनचा. पुढे जर्मन यंत्रांसह ती राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात आली, आणि तो छापखाना मुंबईहून खोपोलीच्या घाटापलीकडे मळवलीला गेला. जुन्या पेढ्यांवरून दिसणारी कमळावरची लक्ष्मी या छापखान्याने घरोघरी पोचवली. तिथे नग मर्यादित ठेवण्याचा विचारच नव्हता. देवीचे चित्र जितक्या घरी जाईल तितके बरे.

शेवटी शेजारच्या सराफांचे भिंग मागून आणले. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची सारखी जाळी दिसली, म्हणजे ऑफसेटची छपाई. दगडावरून उतरलेल्या रंगाचा कण खडबडीत, अनियमित असतो. चौकट उघडून खालचा समास पाहिला. पेन्सिलीची सही नाही, ‘37/200’ असा काही क्रमांकही नाही. विक्रेत्याने माल परत घेण्यास नकार दिला. पावतीवर फक्त ‘जुने पोस्टर’ लिहिलेले होते, तेव्हा भांडायला जागाही उरली नाही. ज्याला हा छंद करावयाचा असेल त्याने चौकट उघडल्याशिवाय पैसे मोजू नयेत, आणि प्रतीचा क्रमांक व छपाईचा प्रकार पावतीवर लिहून घ्यावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो, बुरशी धरतो. दोहोंमध्ये पोकळी राखणारी पुठ्ठ्याची किनार लावून घेणे हा खर्च वाचवू नये.

तसबीर अजून तिथेच आहे. त्याच वर्षी, त्याच पश्चिम जर्मनीत, हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकर यांनी जलतरणात सुवर्णपदक जिंकले. काका येणाऱ्या गिऱ्हाइकाला तसबीर दाखवून ही हकिकत सांगतात. कोणी किंमत विचारलीच, तर पुतण्याकडे बोट दाखवतात.